इतर ‘ड’

महाराष्ट्रात वाचनालयांनाही तुकड्या असतात. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, पाठोपाठ नियम आले, आणि गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशी अक्षरं मिळाली. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण अक्षराच्या आधी आणखी एक शब्द लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणचं वाचनालय ‘जिल्हा’, तालुक्याच्या ठिकाणचं ‘तालुका’, आणि उरलेला सगळा महाराष्ट्र ‘इतर’. ढाणकी तालुक्याचं गाव नाही. बाजारपेठ आहे, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहे, पण तालुका म्हटला की उमरखेडच. त्यामुळे ग्रंथालय संचालनालयाच्या कागदावर आम्ही ‘इतर’, आणि इतरांतले ‘ड’. ‘ड’ तुकडीतला पोरगा पाहुण्यांना नुसतं ‘सातवीत आहे’ एवढंच सांगतो, तसं आम्ही निमंत्रणपत्रिकेवर ‘शासनमान्य’ एवढंच छापतो.

हे वाचनालय नेमकं कोणतं, असं विचारत कोणी ढाणकीच्या बसस्टँडवर उतरू नये. मी ज्याबद्दल लिहितो आहे त्याचं कपाट एका गावचं आहे, पंखा दुसऱ्या गावचा, आणि ग्रंथपाल चार गावच्या चार ग्रंथपालांचे मिळून एक झाले आहेत. उमरखेड तालुक्यातलं कुठलंही समजा. पुसदच्या माणसाने वाचलं तर त्याला ते पुसदकडचं वाटेल, आणि तो रागावेल. तेही चालेल.

ग्रंथपालांना गाव ‘गुरुजी’ म्हणतं. त्यांनी आयुष्यात एक तासही शिकवलेलं नाही. पण ज्याच्याकडे चष्मा, खिशाला पेन आणि टेबल अशा तिन्ही गोष्टी आहेत त्याला दुसरं काय म्हणणार? २०१२ पासून दहा वर्षं ‘इतर ड’चं अनुदान वर्षाला ३० हजार रुपये होतं. त्यातलं निम्मं वेतनासाठी. म्हणजे ग्रंथपाल, लिपिक, शिपाई आणि रात्रपाळीचा पहारेकरी या सगळ्या पदांवर एकाच वेळी काम करणाऱ्या आमच्या गुरुजींना महिना १,२५० रुपये. नंतर साठ टक्के वाढ झाली. साठ टक्के हा आकडा ऐकून गुरुजींच्या सासरवाडीहून अभिनंदनाचा फोन आला होता. वाढ होऊन पगार झाला दोन हजार. हंगामात कापूस वेचणारी बाई आठवड्याभरात त्याच्या पुढे जाते, आणि तिला वर्षअखेरीस अहवाल लिहावा लागत नाही.

अहवाल हा या वाचनालयातला सर्वांत जास्त हाताळला जाणारा ग्रंथ आहे. कारण वर्षभर इथे जे काही होतं त्याला ‘उपक्रम’ म्हणायचं असतं, आणि उपक्रम झाला हे सिद्ध करायचं असतं. ‘पुस्तक दिलं, पुस्तक आलं’ हा काही उपक्रम नव्हे. ती नुसती देवघेव. उपक्रमाला बॅनर लागतो, पाहुणा लागतो, आणि हल्ली जीपीएसवाला फोटो लागतो, ज्याच्या खाली तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश आपोआप उमटतात. शिवाजी महाराजांनी किल्ले घेतले तेव्हा एवढा पुरावा कोणी मागितला नव्हता.

उपक्रमांचा मुख्य आधार जयंत्या. कपाटाच्या मागे, भिंत आणि पत्रा यांच्या फटीत, थोर पुरुष आणि थोर स्त्रिया ओळीने उभ्या असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई बाहेर येतात, १२ तारखेला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच टेबलावर, २३ फेब्रुवारीला गाडगेबाबा, एप्रिलात फुले आणि आंबेडकर, १ जुलैला वसंतराव नाईक. नाईकसाहेब आमच्याच जिल्ह्याचे, पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणून त्यांच्या तसबिरीला फटीत पहिली जागा. टेबल तेच, टेबलावरचं जांभळं कापड तेच, चंदनाच्या सालींचा हार तोच. उदबत्तीदेखील अर्धी जाळून विझवली जाते, उरलेली पुढच्या थोर व्यक्तीला. हजर असतात ती माणसंही तीच चार. वर्षाचे सगळे फोटो एकत्र ठेवले तर कुठला कार्यक्रम केव्हाचा ते फक्त तसबिरीवरून आणि गुरुजींच्या अंगावरून कळतं: स्वेटर असला की जानेवारी, डोक्याला दुपट्टा असला की एप्रिल. एकदा घाईत तसबीर बदलायची राहून गेली आणि टिळकांच्या पुण्यतिथीला अण्णा भाऊ साठ्यांचा फोटो दोनदा गेला. दोन्ही १ ऑगस्टलाच. कोणाच्या लक्षात आलं नाही. गाडगेबाबांच्या जयंतीचा मात्र मी चाहता आहे. त्या दिवशी खोली झाडली जाते.

२०२५च्या जानेवारीत मात्र कसोटीचा प्रसंग आला. १ ते १५ जानेवारी ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा पंधरवडा होता. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. म्हणजे १४ आणि १५ या तारखा दोन्ही पंधरवड्यांच्या वाट्याला आल्या, आणि त्यात १४ला संक्रांत. गुरुजींनी रात्रभर विचार करून तोडगा काढला. खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला एक बॅनर, पश्चिमेच्या भिंतीला दुसरा. अकरा वाजता चौघंजण पूर्वेकडे तोंड करून बसले, वाचनाचा संकल्प केला, फोटो निघाला. सव्वाअकराला सर्वांनी खुर्च्या फिरवल्या आणि पश्चिमेकडे तोंड करून भाषेचं संवर्धन केलं. मधल्या पंधरा मिनिटांत तिळगूळ वाटला गेला. तो कोणत्या पंधरवड्याच्या खर्चात टाकायचा यावर मात्र कार्यकारिणीत एकमत झालं नाही.

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो. २०१५ पासून. या दिवशी शाळेची पोरं रांगेने आणतात आणि खाली सतरंजीवर बसवतात. गुरुजी मोठ्या मनाने बालविभागाचं कपाट उघडतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, इसापनीती, जुने चांदोबा, जे हाताला लागेल ते पोरांपुढे पडतं. पोरंही लगेच माना खाली घालतात. मग पाहुणे बोलायला उभे राहतात. मागच्या खेपेला वाचनाचं महत्त्व ऐन रंगात आलं असताना शेवटच्या रांगेतलं एक पोरगं पानं उलटत बसलं होतं. बाजूच्या मास्तरांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. “पुस्तक ठेव खाली. इकडं वाचनावर भाषण चालू हाय अन् तू वाचून राह्यला?”

रोजच्या वाचकांकडे येऊ. सकाळी आठला दार उघडतं ते पेपरवाल्या मंडळींसाठी. पेपर विकत घेण्याची ऐपत सगळ्यांची आहे. पण घरी पेपर वाचला तर तो कोणाला ऐकवायचा? पानांची वाटणी ठरलेली आहे. पहिलं पान निवृत्त ग्रामसेवकांचं. बाजारभावाचं पान अडत्याकडे. निधनवार्ता सर्वांत वयस्कर काकाजींकडे. त्या ते मोठ्याने वाचतात, आणि ओळखीचं नाव निघालं नाही की थोडे नाराज होतात. एकाने दुसऱ्याचं पान उचललं म्हणून दोन महिने अबोला चाललेला मी पाहिला आहे. मधल्या काळात दोघंही रोज येत होते. एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून ते बिचारे खरोखरच पेपर वाचत.

आमच्याकडे पेपरही दोन जिल्ह्यांचे लागतात. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात. महसुली विभाग अमरावती. विधानसभा उमरखेड, पण लोकसभा हिंगोली. म्हणजे आमदार विदर्भाचा आणि खासदार मराठवाड्याचा. मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता नांदेडला, कारण नांदेड यवतमाळपेक्षा जवळ. पेनगंगा ओलांडली की हिमायतनगर, ज्याला म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात, आणि तो लगेच नांदेड जिल्हा. कलेक्टर काय म्हणाले हे यवतमाळच्या आवृत्तीत, खासदार काय म्हणाले हे नांदेडच्या आवृत्तीत. दोघं काहीच म्हणाले नाहीत तर ते दोन्हींत वाचायला मिळतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. १२ ऑगस्टला त्यांची तसबीर निघते तेव्हा गुरुजी ते पाचही म्हणून दाखवतात. चौथा सिद्धांत: वाचकाचा वेळ वाचवा. इथे माझी डॉक्टरसाहेबांशी नम्र असहमती आहे. ते मद्रासला होते. त्यांनी ढाणकीचा वाचक पाहिला नव्हता. आमचा वाचक वेळ घेऊनच येतो, तो इथे संपवायचा असतो, आणि कोणी वाचवून परत त्याच्या हातात ठेवला तर तो घेऊन त्याने जावं कुठे? मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला आणि कूलर लागला की उपस्थिती दुप्पट होते. त्या महिन्यात रजिस्टरवर सह्या इतक्या की गुरुजींना पान वाढवावं लागतं. सह्यांत एक विराट कोहली रोज असतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं, “हे कोण?” गुरुजी म्हणाले, “आहे एक होतकरू वाचक.”

पाचवा सिद्धांत सांगतो की ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. हा मात्र शंभर टक्के लागू पडतो. कपाटं वाढतात, तसबिरी वाढतात, बॅनर वाढतात. खोली आहे तेवढीच राहते.

दुपारची वेळ अभ्यासिकेची. म्हणजे त्याच खोलीची. फक्त टेबलं भिंतीकडे सरकतात. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी पाण्याची बाटली, उशी आणि कानात घालायचं बोंडूक घेऊन येतात. जागा टॉवेल टाकून धरलेली असते. २०२३ साली तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि राज्यातून दहा लाखांवर अर्ज गेले. त्या दहा लाखांतले सात-आठ आमच्या पंख्याखाली बसलेले होते. ही मंडळी वाचनालयात सर्वांत जास्त वेळ असतात आणि वाचनालयाच्या एकाही पुस्तकाला हात लावत नाहीत. अपवाद मो. रा. वाळंब्यांचं मराठी व्याकरण. त्याच्या तीन प्रती झिजल्या. एका पोराला मराठीचे चारही ज्ञानपीठवाले सालासकट पाठ आहेत: खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा करंदीकर २००३, नेमाडे २०१४. झोपेतून उठवलं तरी सांगेल. मी त्याला म्हटलं, अरे, तू डोकं टेकतोस ना त्या कपाटात ‘ययाति’ आहे, काढून वाच. तो कीव आल्यासारखा हसला. “पुस्तकात काय हाय ते नाही इचारत जी. कोनं लिवलं, तेवढंच इचारतात.”

मी गप्प बसलो. वाचनालयाचे आम्ही पदाधिकारी तरी आणखी काय सांगू शकतो?

तलाठ्यावरून आठवलं. २०१२ साली सरकारने राज्यातल्या सगळ्या ग्रंथालयांची महसूल खात्याकडून पडताळणी करून घेतली होती. काही ग्रंथालयं फक्त कागदावर निघाली, काही कागदावरही धड नव्हती. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांची ‘ड’मधून ‘क’त बढती वर्षानुवर्षं थांबली. त्या दिवसांच्या कथा अजून सांगतात. एका गावची पडताळणी सकाळी आणि शेजारच्या गावची दुपारी असली, की मधल्या वेळेत काही पुस्तकं बैलगाडीने वाचकसेवेला निघत, असं म्हणतात. आमच्याकडे आलेल्या पथकातले एक गृहस्थ जन्मभर जमिनी मोजलेले होते. त्यांनी पुस्तकं मोजली, कपाटाची लांबी-रुंदी घेतली आणि सवयीने चतुःसीमा विचारली. गुरुजींनी लिहून दिली: पूर्वेस हॉटेल, पश्चिमेस पिठाची गिरणी, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नाली. तेवढ्यात त्यांची नजर विश्वकोशाच्या खंडांवर गेली आणि त्यांनी ते एकेक करून उचलून पाहिले. खोटे असते तर इतके जड नसते, अशा समाधानाने त्यांनी शेरा मारला.

विश्वकोश आमच्याकडे आहे याचा सर्वांना अभिमान आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली तो सुरू झाला, पहिला खंड १९७६ला आला, आणि वीस खंडांनी काम पुरं झालं. आमच्याकडे पहिले पाच-सहा आहेत. त्यामुळे ढाणकीच्या शेतकऱ्याला कापसाची सविस्तर माहिती मिळते, हळदीची मिळत नाही. ‘ह’ शेवटी येतो. परिसरात हळदीचं पीक बख्खळ, पण ज्ञान ‘ह’च्या बरंच अलीकडे थांबलेलं. एका हळदवाल्याने रागाने विचारलं होतं, “मंग आमी कापूसच लावाव का?” एरवी हे खंड गुंडाळलेले बॅनर सरळ करायला वापरतात. रंगनाथनांचा तिसरा सिद्धांत म्हणतो की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मिळेपर्यंत ग्रंथाने बसून राहू नये, एवढी भर आम्ही घातली.

संग्रहात सर्वांत भरभराटीचा विभाग कवितेचा. तालुक्यात जो कोणी कवितासंग्रह छापतो तो वाचनालयाला दहा प्रती भेट देतो. भेट स्वीकारतानाचा फोटो हा उपक्रम. नंतर त्या प्रतींचा वाचक एकच असतो: स्वतः कवी. तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो, दुसरंच काही शोधतो आहे असं दाखवतो, हळूच आपलं पुस्तक काढतो आणि मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर नजर टाकतो. चिठ्ठी कोरी असते. गुरुजींना हे पाहवेना. आता ते दर तिमाहीला प्रत्येक स्थानिक कवीच्या चिठ्ठीवर दोन-तीन तारखांचे शिक्के मारून ठेवतात. कवी खुश होऊन दुसरा संग्रह छापतो. त्याच्या दहा प्रती येतात.

११ ते १३ जानेवारी २०१९ला यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. जिल्ह्यात यापूर्वीचं १९७३चं, गदिमा अध्यक्ष असतानाचं. त्यामुळे या वेळी अरुणा ढेरे अध्यक्ष आहेत म्हणताच गावातून जीप निघाली. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आधी देऊन मग मागे घेतल्यावरून राज्यभर गदारोळ चालला होता, आणि उद्घाटन शेवटी जिल्ह्यातल्याच वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर चालवणारी बाई. ती उभी राहिली तेव्हा आमच्या जीपमधल्या पंचवीस वर्षं पेपर मोठ्याने वाचणाऱ्या माणसाचाही आवाज बसला होता. पुढे पुस्तकांच्या दालनात मात्र आम्ही पुन्हा मूळ स्वभावावर आलो. हवी ती सगळी पुस्तकं समोर मांडलेली, आणि अनुदानाचा हप्ता मार्चशिवाय येत नाही. गुरुजी दोन दिवस दालनादालनातून फिरले आणि हव्या असलेल्या पुस्तकांची नावं, लेखक, प्रकाशक, किमती वहीत लिहून आणल्या. मार्चअखेर पैसे आले तेव्हा आठवड्याच्या आत खर्च दाखवायचा होता. पुरवठादाराच्या टेम्पोत जे होतं ते घेतलं. त्यात ‘यशाची गुरुकिल्ली’ या नावाची तीन वेगवेगळ्या लेखकांची पुस्तकं होती. यश आलेलं नाही, किल्ल्या आहेत. गुरुजींची वही अजून टेबलाच्या खणात आहे. आमच्या वाचनालयातलं चांगलं वाचन बहुतेक त्या वहीतच आहे.

२०२४च्या जुलैत वाचनालयाचा सुवर्णकाळ आला. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते. सेवा केंद्रापुढे रांगा, सर्व्हर बंद, आणि गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. शिवाय त्यांच्या पुतण्याचा मोबाइल चांगला. बायाच बाया. कुणाचं आधारवर नाव माहेरचं, कुणाचं बँकेत सासरचं, कुणाच्या जन्मतारखेत फक्त ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’. गुरुजी सकाळपासून रात्री नऊपर्यंत लिहीत बसले. पैसे घेतले नाहीत. खरं तर घेतले असते तर वर्षाचा पगार निघाला असता. मात्र दारातून आत येणाऱ्या प्रत्येकीने रजिस्टरवर सही केलीच पाहिजे हा नियम त्यांनी मोडू दिला नाही. त्या वर्षीच्या अहवालात वाक्य आहे: ‘महिला वाचकांच्या संख्येत लक्षणीय वाढ.’ वरून विचारणा झाली की एवढी वाढ कशामुळे. गुरुजींनी उत्तर पाठवलं, ‘वाचनसंस्कृतीबद्दल जागृती.’

२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ सिनेमा आला आणि पहिल्यांदाच अभ्यासिकेतली पोरं कपाटाकडे वळली. शिवाजी सावंतांची ती कादंबरी १९७९ची. आमची प्रतही जुनी, शिवणीतून सुटलेली. नंबर लागले. पहिल्याने चार दिवसांत परत आणली. “लय मोठी हाय जी. सिनेमात लवकर होते.” दुसऱ्याने परत आणलीच नाही. तिसरा अजून नंबरात आहे.

तरीही पुस्तकं घरोघर जातात, ती दुपारी चारनंतर, आणि ती नेणारे वाचक नसतात. ती नेतात शाळेतून सुटलेली पोरं, आया आणि आज्यांच्या चिठ्ठ्या घेऊन. वाचनालयात येऊन पेपरवाल्या मंडळींसमोर कपाट धुंडाळणं बायांना नको वाटतं. वाचायचं मात्र असतं. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव क्वचित असतं. ‘मागचं चांगलं होतं, तसलंच द्या.’ ‘जाड द्या, पाहुणे येणार नाहीत या आठवड्यात.’ ‘अक्षर मोठं पाहिजे.’ ‘सुनेने वाचलं तर चालेल असं द्या.’ एका आजीने तर बारीक अक्षरातला सगळा विभाग संपवून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तोंडी निरोपही येतात. एक पोरगी दारातूनच ओरडली होती, “गुरुजी, मायनं सांगतलं, मांगच्यावानीच द्या, पन यात कोनी मराचं नाही!”

त्यावरून गुरुजींनी स्वतःची पद्धत बसवली. ड्युईचे दशांश आकडे पुस्तकाच्या पाठीवर आहेत, ते तपासणीसाठी. खरी खूण आत, मलपृष्ठाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने. ‘म’ म्हणजे शेवटी कोणी मरतं. ‘ल’ म्हणजे लग्न होतं. ‘सा’ म्हणजे सासू सुधारते. असं पुस्तक दुर्मीळ आणि सतत बाहेर. ‘मृत्युंजय’वर ‘म’ आहे. ‘श्यामची आई’वर ‘म’ आहे आणि शेजारी ‘रुमाल’ असं लिहिलेलं आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर ‘म’ पुढच्या पानावर, कारण तिथे माणूस आधी मरतो आणि मग गोष्ट सुरू होते. अर्थात ही खूण करायची म्हणजे पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागतं. गुरुजींनी कपाटं जवळपास सगळी संपवली आहेत. स्थानिक कविता सोडून.

यंदा अहवालाच्या नमुन्यात नवा रकाना आला: ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’. गुरुजींनी मला बोलावून घेतलं. मी कार्यकारिणीत आहे, म्हणजे सहीपुरता. काय लिहावं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गुरुजी, हेच लिहा की, पेन्सिलीच्या खुणांचं. सबंध महाराष्ट्रात कुणी केलं नसेल.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण त्याचा फोटो कसा काढायचा?”

शेवटी काढलाच. टेबल, जांभळं कापड, मागे बॅनर: ‘वाचकस्नेही शेवट-निर्देशन उपक्रम’. मधोमध गुरुजी, एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात उघडलेली कादंबरी. दोन्ही बाजूंना अभ्यासिकेतून उठवून आणलेली दोन पोरं, कौतुकाने बघणारी. काकाजी पेपरसकट आले आणि कडेला उभे राहिले. हार कोणाला घालायचा हे ठरेना म्हणून कादंबरीला घातला. फोटो जीपीएसचा, पुतण्याच्या मोबाइलवरून, लगेच वर पाठवला.

आठवड्याने वरून फोन आला. उपक्रम स्तुत्य आहे म्हणाले. फक्त फोटोखाली हिमायतनगर, जिल्हा नांदेड असा पत्ता उमटला आहे. तरी सदर उपक्रम नेमका कोणत्या जिल्ह्यात राबवला, याचा खुलासा तीन प्रतींत तात्काळ सादर करावा.